जमिनीत घर: गारवा फुकट, हिशेब पाण्याचा आणि चाकांचा

जमिनीखालचं घर म्हटलं की तळघर डोळ्यांसमोर येतं: कुबट वास, एक पिवळा दिवा आणि खाली उतरणाऱ्या अरुंद पायऱ्या. इथे सांगतोय ते घर वेगळं आहे. उताराची जमीन घ्यायची, उतारात खाच मारायची, खाचेत घर बांधायचं आणि मागची बाजू, दोन्ही कडा आणि छत पुन्हा मातीने झाकायचं. समोरची बाजू पूर्ण उघडी. अंगणातून पाहिलं तर ओसरी, दारं, खिडक्या दिसतात आणि मागून पाहिलं तर नुसतं गवत. जमीनच उतरती असल्यामुळे आतली फरशीही टप्प्याटप्प्याने चढवायची, म्हणजे आर्किटेक्टच्या भाषेत स्प्लिट लेव्हल. वर अट अशी की व्हीलचेअरवरची आजी किंवा वॉकर धरून चालणारे आजोबा घरभर कुणाच्या मदतीशिवाय फिरले पाहिजेत.

टप्पे हवेत आणि चाकंही हवीत, ही मागणी विचित्र वाटेल. पण नीट आखलं तर दोन्ही जमतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: अशा घरात गारवा जवळजवळ आपोआप मिळतो. डोकं आणि पैसा लागतो तो पाणी बाहेर ठेवायला आणि चाकं आत न्यायला. लोक मात्र गारव्याबद्दलच विचारतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

जमिनीचं कॅलेंडर मागे चालतं

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा अडतीसच्या पुढे जातो आणि थंडीतल्या पहाटे दहा-अकरावर उतरतो. वर्षभराची सरासरी काढली तर ती येते साधारण २५ अंश. जमिनीत तीन-चार मीटर खाली गेलं की बारा महिने याच सरासरीच्या आसपासचं तापमान असतं. कारण साधं आहे. माती उष्णता फार हळू पुढे सरकवते, त्यामुळे वरची गरमी खाली पोचेपर्यंत वर थंडी सुरू झालेली असते आणि दोन्ही एकमेकांना खोडतात.

हे आकड्यांत पाहू. मध्यम ओलाव्याच्या मातीत दिवस-रात्रीचा चढउतार दर १२-१३ सेंटिमीटरला जवळपास एक तृतीयांशावर येतो. ४० सेंटिमीटर खाली दुपार आणि पहाट यांत फरकच उरत नाही. उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार मात्र चिवट असतो. त्याला तेवढंच कमी व्हायला अडीच मीटर लागतात. पुण्यात सर्वांत थंड आणि सर्वांत गरम महिन्यांच्या सरासरीत सुमारे दहा अंशांचं अंतर असतं. तीन मीटर खाली ते तीन अंशांवर येतं. सलग काळ्या पाषाणात उष्णता जरा लवकर पसरते, तिथे थोडं आणखी खोल जावं लागतं.

खरी मजा उशिराची आहे. तीन मीटर खाली उन्हाळा पोचायला सुमारे सत्तर दिवस लागतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीची थंडी तिथे मार्चमध्ये पोचते. बाहेर होळी पेटते तेव्हा तुमच्या मागच्या भिंतीपलीकडची जमीन वर्षातली सर्वांत गार असते, आणि पुढचे दोन महिने तोच साठा पुरवून पुरवून वापरायचा असतो. मेमधली उष्णता जुलैत खाली पोचते, तेव्हा बाहेर पाऊस सुरू झालेला असतो.

यातून बांधकामाचा एक ठोस निष्कर्ष निघतो आणि तो बरेच जण चुकवतात. छतावर दीड मीटर माती टाकायचा मोह होतो. त्याची गरज नाही. छतावरच्या मातीचं काम दिवसाची झळ अडवणं एवढंच, आणि त्याला ३५-४० सेंटिमीटर माती पुरते. तिच्याखाली पाच सेंटिमीटर जाडीचं एक्सपीएस (घट्ट फोमच्या शीटचं) इन्सुलेशन घाला, वर गवत राखा. वर्षभराचा गारवा मागच्या भिंतीच्या खालच्या भागातून आणि फरशीतून येतो. म्हणून तिथे इन्सुलेशन घालायचं नाही, ते फक्त भिंतीच्या वरच्या एक मीटरला. थंड देशांतले नकाशे बहुधा संपूर्ण भिंत बाहेरून गुंडाळतात, कारण तिथली जमीन आठ-दहा अंशांवर असते. आपली पंचविसावर आहे. तिला घरापासून तोडलं तर मग जमिनीत जायचंच कशाला?

माती जड असते, आणि पावसाळ्यात दमटही

भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला १,८०० ते २,००० किलो. ४० सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला सातशे-आठशे किलो. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान यांचा भार धरतात दोनशे किलो. दीड मीटर माती टाकली तर तोच आकडा तीन हजारांच्या घरात जातो, आणि स्लॅब, बीम, कॉलम, फुटिंग सगळंच फुगत जातं.

मराठवाड्यात मातीचं छत पिढ्यान्‌पिढ्या होतं. माळवदाच्या घरात लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर जाड माती असायची. ऐन मेमध्ये आत गार वाटायचं. पण पावसात गळू नये म्हणून दरवर्षी वर माती चढत गेली, आणि खाली भिंती होत्या मातीत रचलेल्या दगडांच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. पश्चिमेकडे कोयनेचा १९६७ चा भूकंपही विसरून चालत नाही. मातीखालचं घर म्हणूनच पूर्ण आरसीसी सांगाड्याचं हवं, मागची भिंत स्लॅबशी सळ्यांनी बांधलेली हवी आणि हिशेब स्ट्रक्चरल इंजिनियरचाच हवा. 'मिस्त्री अनुभवी आहे' हे इथे उत्तर नाही.

दुसरा प्रश्न हवेतल्या ओलाव्याचा. जुलैत पुण्याची हवा साधारण २१-२२ अंशांपर्यंत गार केली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं. भिंत २५ अंशांवर असेल तर तिच्यालगतच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास जाते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. कोकणात जूनच्या हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला ती पंचविसाच्या आसपास गार झाली तरी पुरतं. तिथे सव्वीस-सत्तावीस अंशांच्या भिंतीला घाम फुटायलाच आलेला असतो. माझ्या मते कोकणात आणि गोव्यात हे घर बांधूच नये. तिथे पाय जमिनीवरून उचललेलं, वारा खेळणारं, उतरत्या कौलांचं घरच शहाणं. देशावर जमतं. आणि सर्वांत जास्त फायदा नागपूर, अकोला, जळगाव भागात, जिथे मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो आणि कूलर-एसीशिवाय दिवस निघत नाही. पुण्यात बिलातली बचत खरं तर बेताचीच असेल. पंखे, दिवे, फ्रिज चालूच राहणार.

पावसाळ्यासाठी तीनशे-चारशे वॅटचा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, धरून चालायचं, आणि भिंतींना आतून ऑइलपेंट नाही, चुन्याचा रंग. हवा फिरायला दोन टोकं लागतात: समोर खालच्या उंचीवर खिडक्या आणि सर्वांत मागच्या खोलीतून वर छताबाहेर निघणारा, जाळी आणि टोपी लावलेला धुराड्यासारखा शाफ्ट. गरम हवा वरून निघते आणि समोरून ताजी आत येते. जमिनीत पाइप पुरून हवा गार करण्याची कल्पना अनेकांना आवडते, पण आपल्या पावसाळ्यात त्या पाइपात पाणी आणि बुरशी धरते. साफ करता येणार असेल आणि पाइपाला उतार असेल तरच करावं.

बंद जमिनीत हवेचं काय होतं हे सांगलीजवळच्या हरिपूरकरांना कुणी शिकवायला नको. तिथे हळद जमिनीतल्या पेवांत साठवतात. तोंड अरुंद, पोट मोठं, आत माल वर्षानुवर्षं टिकतो. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, कारण आतला प्राणवायू संपलेला असतो. आणि २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आलं तेव्हा यातली बरीच पेवं निकामी झाली.

पाणी

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या ओपलच्या खाणींच्या गावात निम्मी माणसं जमिनीत राहतात. बाहेर चाळीसच्या वर तापलेलं असताना आत २३-२५ अंश. फोटो पाहून कुणालाही वाटेल की आपणही असंच करावं. पण तिथे वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुणे शहरात त्याच्या कितीतरी पट, आणि शहरापासून तासाभरावरच्या मुळशीत तर विचारूच नका. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेतही अशी घरं पुष्कळ बांधली गेली, आणि तिथली नेहमीची तक्रार होती गळतीची.

मागच्या भिंतीवर मातीचा दाब किती येतो ते बघा. तीन मीटर उंच भिंतीच्या तळाशी निथळलेली माती चौरस मीटरला साधारण २.७ टन रेटते. तीच माती पाण्याने तुडुंब भरली की दाब सव्वाचार टनांच्या पुढे जातो, कारण आता माती रेटतेच आणि वर पाणीही रेटतं. म्हणजे पाणी अडवण्याच्या आधीची पायरी म्हणजे पाणी भिंतीपाशी साचूच न देणं. भिंतीला चार थर वॉटरप्रूफिंग केलं आणि निचरा केला नाही, तर पाणी कधी ना कधी भेग शोधतंच.

काम भिंतीकडून बाहेरच्या दिशेने असं चालतं. आधी काँक्रीटवर मेंबरेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर, त्याला मार लागू नये म्हणून संरक्षक बोर्ड, मग फुगीर टिकल्यांची ड्रेनेज शीट, मग एक-दीड फूट रुंदीची २० मिलिमीटर खडी, खडी गाळाने तुंबू नये म्हणून जिओटेक्स्टाइल कापड, आणि त्यापलीकडे मुरूम. खडीच्या तळाशी, फरशीच्या पातळीच्या खाली, भोकं पाडलेला १५० मिलिमीटरचा पाइप घराला दोन्ही बाजूंनी वळसा घालून उतारावर उघडा सुटतो. त्याला शंभराला एक एवढा उतार आणि प्रत्येक कोपऱ्यावर साफ करायला चेंबर. उताराची जमीन घ्यायचं हे सर्वांत मोठं कारण: पाइप आपल्या वजनाने वाहतो, पंप लागत नाही. सपाट जागेत खड्डा खणून केलेलं घर पंपाच्या भरवशावर असतं, आणि लाईट जाते ती नेमकी धो-धो पावसात.

ठेकेदार एक गोष्ट हमखास करतो. खणलेली काळी माती बाजूला पडलेली असते, तीच तो भिंतीमागे लोटून देतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की तडकते. भिंतीमागे ती अजिबात नको. तिचं स्थान छतावर, वरच्या थरात, तेही रेती आणि शेणखत मिसळून.

घराच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर लागतो, आणि इथे एक गफलत होते. गावात पाणलोटाच्या कामात काढलेले सलग समतल चर लोकांनी पाहिलेले असतात, म्हणून तसाच चर घरामागेही काढतात. पण त्या चराचा हेतू पाणी थांबवून जिरवण्याचा असतो. ते पाणी जिरून थेट तुमच्या भिंतीमागे येणार. इथे हवा तो उलटा चर: तळाशी काँक्रीट किंवा दगडी अस्तर असलेला, एका बाजूला स्पष्ट उतार असलेला, पाणी घराच्या कडेने पळवून नेणारा. जागा घेताना वरच्या अंगाला गावाचे समतल चर आहेत का हे जरूर बघा. असतील तर ती जागा सोडलेली बरी.

छतावरचं मेंबरेनही भिंतीच्या कडेला कापायचं नाही. मातीत दोन-तीन मीटर बाहेरपर्यंत, किंचित उतार देऊन न्यायचं. घराभोवतालची माती त्यामुळे बरीच कोरडी राहते, आणि कोरडी माती उष्णतेलाही जास्त अडवते.

आत जाताना चढायचं, उतरायचं नाही

आता टप्पे. स्प्लिट लेव्हल म्हटलं की बहुतेक नकाशांत अर्ध्या मजल्याचा, म्हणजे दीड मीटरचा फरक दाखवलेला असतो. रॅम्पसाठी जगभर मानलेली कमाल मर्यादा एकास बारा: एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. एका दमात ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चढायचं नाही, मध्ये दीड मीटरचा सपाट थांबा. दीड मीटरला म्हणजे १८ मीटर रॅम्प आणि तीन थांबे, एकूण साडेबावीस मीटर. घरात एवढी जागा नसतेच, मग 'नंतर लिफ्ट बसवू' असं ठरतं, आणि ती नंतर कधी येत नाही.

उपाय म्हणजे टप्पाच लहान घ्यायचा, ४५ सेंटिमीटरचा. चालणाऱ्याला पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या आणि चाकांना ५.४ मीटरचा रॅम्प, शेजारी शेजारी.

एक कल्पित घर घेऊ. उतार एकास सहा. घर उताराला आडवं १२ मीटर रुंद आणि टेकडीच्या दिशेने १० मीटर खोल. पुढच्या भिंतीपाशी जमीन एक मीटर कापली की घरासमोर सहा मीटरचं सपाट अंगण आपोआप तयार होतं, कारण तेवढ्या अंतरावर मूळ उतार अंगणाच्या पातळीला येऊन मिळतो. घराचे तीन पट्टे करायचे. पुढचा अंगणाच्या पातळीला, मधला ४५ सेंटिमीटर वर, मागचा ९० वर. फरशी एकाच पातळीत ठेवली असती त्यापेक्षा खोदाई ५४ घनमीटरने, म्हणजे १९ ब्रासने वाचते. मुरुमाखाली पाषाण लागला आणि ब्रेकर लावावा लागला तर १९ ब्रास म्हणजे किती, हे ज्याने बिल भरलंय त्यालाच विचारा. मागच्या भिंतीपाशी मूळ जमीन आतल्या फरशीहून पावणेदोन मीटरच वर असते. उरलेलं घर खोदाईत निघालेल्या मुरुमाच्या भरावाने झाकलं जातं.

रॅम्प टेकडीच्या दिशेने घालायचा नाही, आडवा घालायचा, पट्ट्यांच्या सीमेवरून. बारा मीटर रुंदीत ५.४ मीटर रॅम्प आणि दोन टोकांना दीड-दीड मीटरचे थांबे आरामात मावतात. किंबहुना एकास पंधरा घ्या. रॅम्प पावणेसात मीटरचा होईल, थांबे धरून पावणेदहा, तरी मावतो. एकास बारा हे कायद्यापुरतं ठीक. स्वतःच्या हाताने दिवसातून दहा वेळा चाक फिरवणाऱ्याला एकास पंधरामधला फरक खांद्यात कळतो. रुंदी १२० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना ७५ आणि ९० सेंटिमीटर उंचीचे कठडे. फरशी घोटलेली नको, खरबरीत हवी. एका बाजूची भिंत पुस्तकांना दिली की रॅम्पने जागा खाल्ली असं कुणी म्हणत नाही.

पायऱ्यांच्या कडांना गडद रंगाची पट्टी हवीच. अंगणातल्या उन्हातून आत आल्यावर म्हाताऱ्या डोळ्यांना सावरायला वेळ लागतो, आणि एका रंगाच्या तीन पायऱ्या तेवढ्यात दिसत नाहीत. स्प्लिट लेव्हलच्या घरात पडणारी माणसं बहुतेक व्हीलचेअरवरची नसतात, चालणारीच असतात.

कुठल्या पट्ट्यात काय ठेवायचं? रोजचं सगळं पुढच्या पट्ट्यात: बैठक, स्वयंपाकघर, सगळ्या झोपायच्या खोल्या आणि निदान एक मोठं न्हाणीघर. रॅम्प बंद पडला, पाहुण्यांच्या बॅगांनी अडला तरी दिवस अडत नाही. मधल्या पट्ट्यात जेवण, अभ्यास, वाचन. मागे साठवण, धुणं, दुरुस्तीचं टेबल, इन्व्हर्टर. झोपायच्या खोल्या पुढेच असण्याचं कारण आगीचं आहे. मागच्या खोलीला खिडकीतून सुटका हा पर्याय मुळात नसतो, आणि असला तरी चाकांवरच्या माणसाला तो उपयोगाचा नाही. प्रत्येक झोपायच्या खोलीतून थेट अंगणात उघडणारं, ९० सेंटिमीटर मोकळ्या रुंदीचं दार हवं.

पातळ्या आत जाताना चढत्या का, उतरत्या का नाहीत? स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो घरातल्या सर्वांत खालच्या जागी जाऊन बसतो. फरशी टेकडीच्या पोटात उतरत गेली असेल तर ती जागा म्हणजे सर्वांत मागची, बंद, वारा नसलेली खोली, आणि तिथेच कुणीतरी बटण दाबतं. चढत्या रचनेत सर्वांत खालची पातळी अंगणाला लागून असते. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला जमिनीलगत जाळी ठेवली की गॅस बाहेर वाहून जातो. सिलिंडर बाहेर, अंगणाच्या कडेला. हीच गोष्ट सांडपाण्याची. मागच्या पट्ट्यातलं पाणी ९० सेंटिमीटरच्या फरकाने स्वतःहून पुढे येतं, सेप्टिक टँक अंगणाच्या खालच्या उतारावर बसतो, मैला उपसायला पंप लागत नाही.

उंबरा

पाणी आणि चाकं यांचं सर्वांत मोठं भांडण मुख्य दारात होतं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून उंबरा हवा, आणि चाकाला उंबरा नको. बारा मिलिमीटरपेक्षा उंच कड असली की पुढची लहान चाकं अडतात आणि माणूस पुढे झुकतो.

पाणी दारापर्यंत पोचूच नये अशी सोय त्यामुळे आधीच करावी लागते. दारावर निदान दोन मीटर खोल ओसरी, म्हणजे झड फरशीच्या पुढच्या अर्ध्यातच पडते. ओसरी आणि अंगण यांना घरापासून दूर जाणारा पन्नासाला एक एवढा उतार, चाकाला तो जाणवतही नाही. आणि दाराच्या बाहेर, पूर्ण रुंदीभर, दहा सेंटिमीटर रुंदीची नाळी, वर बिडाची जाळी. जाळीच्या फटी चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात आणि बोटापेक्षा अरुंद, नाहीतर वॉकरचा पाय आत जातो. नाळीचं तोंड भिंतीमागच्या निचऱ्याच्या पाइपाला जोडायचं नाही. अंगणातला पाला त्या पाइपात गेला तर सगळं घर संकटात येतं. तिला वेगळी वाट.

उंबऱ्याची पूजा ज्यांना सोडवत नाही त्यांनी सागाची किंवा काळ्या दगडाची पट्टी फरशीत सपाट बसवून घ्यावी. हळदीकुंकू तिच्यावरही वाहता येतं. न्हाणीघरालाही हाच नियम: उंबरा नाही, सगळी फरशी जाळीकडे उतरती, आणि आत दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, म्हणजे खुर्ची गिरकी घेऊ शकेल. कमोडशेजारच्या भिंतीत आधाराची दांडी लावायची असेल तर भिंत बांधतानाच ठरवा.

उजेड कुठून येतो

टप्प्यांचा खरा नफा इथे आहे. पुढच्या पट्ट्याचं छत खाली आणि मधल्याचं वर असेल तर दोन छतांमधल्या उभ्या भागात खिडकी मिळते आणि घराच्या पोटात उजेड पडतो. पण कागदावर काढताना लोक मातीची जाडी विसरतात. पुढच्या पट्ट्याचं छत २.७ मीटरवर. त्यावर २० सेंटिमीटर स्लॅब, १० सेंटिमीटरचे थर, ३५ सेंटिमीटर माती, आणि पावसाचे शिंतोडे खिडकीत उडू नयेत म्हणून आणखी १५. म्हणजे खिडकीचा तळच साडेतीन मीटरवर आला. वर साठ सेंटिमीटरची खिडकी धरली तर मधल्या पट्ट्याचं छत अंगणापासून ४.१ मीटर उंच हवं. त्याची फरशी ४५ सेंटिमीटर वर असली तरी आतली उंची साडेतीन मीटरच्या पुढे जाते. हा खर्च करावाच. घर जमिनीत आहे हे विसरायला लावणारी हीच एक खोली असते.

उघडी बाजू उत्तरेला मिळाली तर उत्तम, दक्षिणेला मिळाली तर छज्जा मोजून घ्या. आपल्या अक्षांशावर मार्च आणि सप्टेंबरच्या एकवीस-बावीसला दुपारी सूर्य सुमारे ७१ अंशांवर असतो. २.१ मीटर उंच खिडकीवर ७० सेंटिमीटरचा छज्जा दुपारचं ऊन पूर्ण अडवतो. डिसेंबरात सूर्य ४८ अंशांवर उतरतो आणि तोच छज्जा खिडकीच्या खालच्या सव्वा मीटरभर भागातून ऊन आत सोडतो. पश्चिमेचा उतार मात्र टाळावा. दुपारनंतरचं तिरपं ऊन छज्ज्याला जुमानत नाही, आणि आपला मोसमी पाऊसही त्याच बाजूने झोडपतो.

जागा घेण्याआधी

महाराष्ट्रात एकास पाचपेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकामाला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. २०१४ चं माळीण आणि २०२३ ची इरशाळवाडी आठवली तर उतार कापण्याची हौस कुठे करू नये हे वेगळं सांगायला नको. सौम्य उतारावरही वरच्या बाजूची जमीन कुणाची आहे आणि तिथे कोण काय खोदणार आहे, ते विचारून घ्या. तळघरात राहत्या खोल्यांना परवानगी मिळत नाही. म्हणून नकाशात हे घर एक बाजू पूर्ण उघडी असलेला तळमजला म्हणून दाखवावं लागतं, आणि त्यासाठी अंगणाची पातळी आणि दारांची रुंदी आधीपासून नीट हवी. आर्किटेक्टने आधी कधी असं घर केलेलं नसेल तर पालिकेच्या किंवा पीएमआरडीएसारख्या प्राधिकरणाच्या अभियंत्याकडे प्राथमिक रेखाटन घेऊन जाणं स्वस्त पडतं.

व्यवहार उन्हाळ्यात करू नका. मालकाची परवानगी घेऊन ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात जेसीबीने तीन मीटर खोल खड्डा मारा. कडेने दोरी बांधा, आत कुणाला उतरू देऊ नका, आणि आठवडाभर रोज सकाळी पाण्याची पातळी काठीने मोजा. पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांत पाणी ओसरलं तर निचरा जमेल. चार दिवसांनंतरही पाणी तिथेच असेल, किंवा वरच्या बाजूच्या भिंतीतून झरा वाहत असेल, तर ती जागा विहिरीसाठी चांगली आहे, घरासाठी नाही. त्याच फेरीत एक व्हीलचेअर भाड्याने घेऊन जा आणि रस्त्यापासून त्या खड्ड्यापर्यंत स्वतः बसून, स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत या.